सल्लागाराचे हात

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत दोरीनं बांधलेलं पेन असतं ना, ते हातात घेतानाही मला वाटतं की आता कोणीतरी 'ओ मिस्टर' म्हणून ओरडणार. गेली एकतीस वर्षं मी पावाच्या भट्ट्या बांधतो. भाजक्या विटांची कमान रचणं हे माझं काम. भट्टीच्या पोटात उताणा पडून, नाकापासून वीतभर अंतरावर वीट बसवताना मला कधी भीती वाटली नाही. भट्टीतून बाहेर आलो की वाटते.

त्यामुळे मालकांनी केबिनमध्ये बोलावून "बसा, मिस्त्री" म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. एकतीस वर्षांत ते मला बसा म्हणाले नव्हते. मी खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकलो.

झालं होतं असं की परदेशातल्या एका बेकरीला आम्ही भट्टी विकली होती. मीच इथं बांधली, विटांवर आकडे टाकले, उकलून खोक्यांत भरून दिली. तिथल्या लोकांनी ती जोडली आणि आता म्हणे धूर धुराड्यातून वर जायचा सोडून तोंडातून दुकानात येत होता. गिऱ्हाईक पाव घ्यायला यायचं आणि खोकत परत जायचं.

"पुढच्या महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर भट्टी परत घ्या, असं बेकरीवालीनं कळवलंय," मालक म्हणाले. "आणि मी तुम्हाला स्पष्टच सांगतो, भट्टी परत आली तर विटांचं खातं मी बंद करणार. पत्र्याच्या, विजेवरच्या भट्ट्या खपतात, त्याच करू. तुम्ही जाऊन या. नऊ दिवस."

विटांच्या खात्यात आम्ही पाच जण. मी आणि माझ्या हाताखालचे चौघं. चौघांनाही दुसरं काही येत नाही, आणि मला तर नाहीच नाही. म्हणजे व्हिसा नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर पाच घरं बसली.

पुढचं तर आणखी वाईट होतं. कामाचा व्हिसा काढायला चार महिने लागतात. चर्चेचा व्हिसा तीन आठवड्यांत होतो. पण चर्चेच्या व्हिसावर गेलेल्या माणसानं तिथं कामाला हात लावायचा नाही, असा नियम. बघायचं, बोलायचं, मार्गदर्शन करायचं.

"मग भट्टी कोण दुरुस्त करणार?" मी विचारलं.

"तुम्हीच की. पण कागदावर मार्गदर्शन." असं म्हणून त्यांनी मला एक पत्र दिलं. त्यात मी 'वरिष्ठ तांत्रिक सल्लागार' होतो.

"साहेब, हे खोटं आहे."

"खोटं कुठंय? सल्ला देत नाही का तुम्ही? परवाच मला दिलात, गाडी सावलीत लावा म्हणून."

घरी आलो. बायकोनं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. "सल्लागार? या घरात तुमचा सल्ला कोणी विचारलाय का कधी?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मला घाम फुटलाय आणि तुला थट्टा सुचतेय." तर म्हणे, "मग वरच्या काकांना विचारून या. ते तर परदेशातूनच उतरलेत." ती हे टोमण्यानं म्हणाली होती. मी खरंच गेलो.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बावीस वर्षांपूर्वी अकरा दिवस परदेशी जाऊन आले. तेव्हापासून ते जिना उतरतानासुद्धा विमानातून उतरल्यासारखे उतरतात, आणि सगळी इमारत त्यांना फॉरेनकाका म्हणते. त्यांनी पत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कागद बाजूला ठेवा. हात दाखवा," म्हणाले. दाखवले. त्यांनी नुसता 'च् च् च्' असा आवाज काढला. "ते लोक कागद बघत नाहीत, हात बघतात. सल्लागाराचे हात मऊ असतात. हे हात घेऊन खिडकीपाशी गेलात तर संपलात. पासपोर्टावर शिक्का आणि दहा वर्षं बंदी. एका सुताराचं असंच झालं."

"कोणाचं?"

"होता एक."

फॉरेनकाकांच्या प्रत्येक गोष्टीत हा 'होता एक' असतो, आणि त्याचं आजपर्यंत कधीही भलं झालेलं नाही.

झालं, दुसऱ्या दिवसापासून माझे हात मऊ करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बुडवायचे, मग चरबट मलम चोपडायचं, मग पांढरे सुती हातमोजे. विटेला स्पर्श बंद. कारखान्यात मी नुसता उभा. माझे चौघं एकमेकांकडे बघून हसत आणि "सल्लागारसाहेब, वीट बघता का लांबून?" म्हणून विचारत. त्यांचं पोट ज्या हातांवर अवलंबून होतं, त्याच हातांवर ते हसत होते, पण मला ते सांगायची सोय नव्हती. मालकांनी बजावलं होतं, खातं बंद होण्याची गोष्ट बाहेर फुटता कामा नये. ते हसायचे आणि मी हातमोजे नीट करायचो.

हातमोज्यांनी आणखी घोळ घातले. खात्याचा दाखला घ्यायला बँकेत गेलो, तर रखवालदार माझ्या मागंमागं फिरायला लागला. मी डावीकडे गेलो की तो डावीकडे. शेवटी त्यानं विचारलंच, "हातमोजे का?" मी म्हटलं, "परदेशी जायचंय." त्यानं मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि दाखला मिळेपर्यंत समोर उभा राहिला.

मग व्हिसाच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचा दिवस आला. छोटीशी खोली, भिंतीला लागून खुर्च्या, टेबलावर एक काचेचं यंत्र. टेबलामागच्या मुलीनं सांगितलं, "उजव्या हाताची चार बोटं ठेवा." ठेवली. लाल दिवा. "जरा दाबा." दाबली. लाल दिवा. "पुसून ठेवा." पुसली. मग डावा हात, मग अंगठे. ती मुलगी उठून माझ्या बोटांवर स्वतःचा हात ठेवून दाबायला लागली. लाल, लाल, लाल.

"काका," ती म्हणाली, आणि दुर्दैवानं तिचा आवाज खणखणीत होता, "तुम्हाला ठसेच नाहीयेत!"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. एका बाईनं आपली पर्स मांडीवर घेतली. आता तुम्हीच सांगा, विटा घासून घासून बसवायच्या म्हटल्यावर बोटांवर राहणार काय? पण हे त्या क्षणी मला सुचेना. मी म्हटलं, "काल होते हो." मुलगी म्हणाली, "दोन आठवडे हातांना आराम द्या आणि परत या. येताना त्वचेच्या डॉक्टरांचं पत्र आणा, ठसे का नाहीत त्याचं."

फॉरेनकाकांनी हे ऐकलं आणि दार लावून घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "बोटांचे ठसे मुद्दाम कोण घालवतं, ठाऊक आहे ना?"

"नका सांगू," मी म्हटलं.

"होता एक," म्हणाले.

डॉक्टरीणबाई सरळ होत्या. बोटं भिंगातून पाहिली, काम विचारलं आणि खरडलं: 'एकतीस वर्षे भाजक्या विटा स्वतःच्या हाताने घासून बसविण्याचे काम केल्यामुळे बोटांवरील रेषा झिजल्या आहेत.' खाली सही, शिक्का. मी आनंदानं पत्र घेऊन जिना उतरलो. खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकलो.

विचार करा. माझ्या फाइलीत एक पत्र म्हणत होतं की हा गृहस्थ कामाला हात लावत नाही. दुसरं म्हणत होतं की यानं एकतीस वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. पहिलं काढलं तर व्हिसा नाही. दुसरं काढलं तर ठसे नसलेला गुन्हेगार. दोन्ही ठेवली तर खोटारडा. मी परत वर गेलो आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "जरा वेगळं काही लिहिता येईल का?" त्या म्हणाल्या, "काय लिहू? पुस्तकं चाळून झिजली म्हणून?" आणि पुढचा पेशंट बोलावला.

तोड फॉरेनकाकांनीच काढली. "डॉक्टरचं पत्र फाइलीत सगळ्यात खाली घाला. विचारलंच तर सांगा, घरी भांडी घासतो. घासणीनं ठसे गेले."

हे ऐकून बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "एकतीस वर्षांत एक वाटी तरी विसळलीत का हो? आणि परदेशच्या सरकारला सांगणार?" माझा अपमान झाला खरा, पण माझी इतकी वाताहत झाली होती की मी ते उत्तर पाठ करायला घेतलं.

याच पंधरा दिवसांत आमच्या मोरीतला नळ गळायला लागला. एरवी मी तो चहा उकळेपर्यंत बसवला असता. पण हातांना आराम! नळदुरुस्तीवाला बोलावला. फॉरेनकाका म्हणाले, "उत्तम झालं. हीच तालीम. हात खिशात घाला आणि नुसतं मार्गदर्शन करा. मी वेळ लावतो." आणि ते घड्याळ घेऊन मोरीच्या दारात स्टुलावर बसले.

नळवाल्यानं नळाच्या आट्यांवर पांढरी पट्टी उलटी गुंडाळायला सुरुवात केली. मी म्हटलं, "पट्टी दुसऱ्या बाजूनं गुंडाळा, नाहीतर नळ फिरवताना सुटेल." तो म्हणाला, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "सल्लागार आहे." "कसला?" "भट्ट्यांचा." "मग भट्टीजवळ बोला," म्हणाला आणि उलटीच गुंडाळली. माझी बोटं खिशात वळवळायला लागली. त्यानं पाना चुकीचा धरला. मी ओठ चावले. त्यानं नळ तिरका लावून जोरात फिरवला. आटी चढली नाही, नळ निसटला आणि पाण्याची धार थेट फॉरेनकाकांच्या छातीवर!

मला पुढचं नीट आठवत नाही. मी धारेत होतो, पाना माझ्या हातात होता आणि नळ बसला होता. उजव्या तर्जनीची साल निघाली होती. मलमाचे पंधरा दिवस त्या मोरीतून वाहून गेले.

फॉरेनकाका निथळत उठले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अकरा मिनिटं टिकलात. तिकडं नऊ दिवस आहेत," एवढंच म्हणाले.

मी मात्र गंभीर झालो. कारण माझ्या लक्षात आलं की मी खोटं बोललो तरी माझे हात खोटं बोलणार नाहीत. बिघडलेलं काम समोर दिसलं की ते आपोआप पुढं जातात. तिथं भट्टीत शिरलो आणि कोणी तपासायला आलं तर? तुरुंग की नुसती हकालपट्टी, हेही मला माहीत नव्हतं, आणि फॉरेनकाकांना विचारायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या खेपेला यंत्रानं दहापैकी सात बोटं घेतली. मुलगी खूश झाली. पण तिनं फाइल आत पाठवली आणि मला आतल्या खिडकीपाशी बोलावणं आलं. काचेपलीकडे एक अधिकारी बाई होत्या. वयानं माझ्याएवढ्या, केस मागं बांधलेले, समोर माझी दोन पत्रं शेजारीशेजारी.

"काय करायला जाताय?"

"मार्गदर्शन."

"विटेला हात लावणार?"

"नाही." हा आवाज कोणाचा, ते मला कळलं नाही.

"हे पत्र म्हणतं सल्लागार. हे म्हणतं मिस्त्री. यातले तुम्ही कोण?"

पाठ केलेलं उत्तर तेवढं तोंडातून बाहेर पडलं. "घरी भांडी घासतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग साध्या आवाजात विचारलं, "भट्टीत बिघाड कुठं आहे, हे तुम्हाला बोलून कसं कळणार?"

"बोलून नाही हो कळत," मी म्हणालो. कामाचं विचारल्यावर माझी जीभ एकदम सुटली. "आत उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि कमानीवरून हात फिरवायचा. वीट केसभर खाली आलेली डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. आणि लागली की ती तिथंच…" मी थांबलो. माझे दोन्ही हात वर होते. मी खिडकीसमोर उभा राहून, हवेत, नसलेली वीट काढत होतो.

मग मात्र मी सगळंच सांगून टाकलं. काचेची कड घट्ट धरली होती. "बाई, मी खोटं बोललो. मी मिस्त्रीच आहे. हात लावल्याशिवाय हे काम होत नाही, मी हात लावणारच. पण भट्टी परत आली तर माझ्याबरोबर चार जणांची नोकरी जाईल. त्यांना अजून माहीतही नाही. ते माझ्या हातमोज्यांवर हसतायत."

बाईंनी सल्लागाराचं पत्र उचललं आणि खिडकीखालून माझ्याकडे सरकवलं. "हे मी अजून नोंदवलेलं नाही. घेऊन जा. अर्जाचं चौथं पान वाचलंत?"

चौथं पान कोणीच वाचलं नव्हतं. मालकांनी नाही, फॉरेनकाकांनी नाही, मी तर भीतीनं पहिल्या पानापुढं गेलोच नव्हतो. चौथ्या पानावर चौकट होती: विकलेल्या यंत्राची दुरुस्ती, विकणाऱ्याचा माणूस, तीस दिवसांपर्यंत, हातानं काम करायला परवानगी, विक्रीचा करार जोडावा.

"आठवड्याला पाच जण येतात," बाई म्हणाल्या. "सगळे सल्लागार. चार दिवसांत करार आणून द्या."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. रडू आलं, ते सुटकेचं की अपमानाचं, हे अजूनही ठरलेलं नाही.

मालकांना जाऊन सगळं सांगितलं. "खरं सांगितलंत?" ते ओरडले. "कोणी सांगितलं होतं खरं सांगायला?" पण कपाट उघडलं, करार काढला आणि धूळ झटकून वाचायला लागले. एका पानावर ते अडले. मी वाकून पाहिलं. कलम अकरावं: 'कमान ज्या मिस्त्रीने बांधली, त्यानेच येऊन ती दुरुस्त करून द्यावी. दुसरा माणूस चालणार नाही.' खाली मालकांची सही.

"म्हणजे बेकरीवालीनं पहिल्यापासून मिस्त्रीच मागितला होता," मी म्हणालो.

"सही करताना कोण वाचतं एवढं?" मालक म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "मला वाटलं, सल्लागार म्हटलं की जरा बरं दिसेल."

व्हिसा आला. विमानाबद्दल मी काही सांगणार नाही, कारण पूर्ण वेळ माझे डोळे मिटलेले होते.

बेकरीत पोचलो. बेकरीवाली धिप्पाड बाई, कोपरापर्यंत पीठ. तिनं हात पुढं केला, मी माझा दिला. तो तिनं सोडलाच नाही. उलटा केला, तळव्यावरून अंगठा घासला, पुन्हा घासला. तिचा चेहरा उतरला. मग खिशातून फोन काढून त्यात तिच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि फोननं आपल्या भाषेत, थंड आवाजात मला सांगितलं, "मी मिस्त्री मागितला होता. यांनी कारकून पाठवला."

सहा आठवड्यांचं मलम! व्हिसा हातात येईपर्यंत भीतीनं मी ते सोडलंच नव्हतं. तिनं कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांकडे बोट दाखवलं. भट्टी ज्या खोक्यांतून गेली होती, तीच खोकी. फोन म्हणाला, "उद्या भरायची."

तिला काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं? मी शर्ट काढला, घडी करून पिठाच्या पोत्यावर ठेवला आणि भट्टीच्या तोंडातून आत सरकलो. उताणा पडलो, डोळे मिटले, हात फिरवला. मऊ बोटांना सगळंच बोचत होतं. तिसरी ओळ, चौथी ओळ. पाचव्या ओळीत मधली वीट उलटी बसवलेली, तिच्या शेजारच्या दोन खाली सरकलेल्या. आकडा बरोबर होता, पण वर-खाली कुठली बाजू, ती खूण मीच विटेवर टाकायला विसरलो होतो. हे मी बाहेर येऊन कोणाला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तिनं मला एका दिवसाची मुदत दिली, मग रोज आणखी एकेका दिवसाची. रोज संध्याकाळी मी बाहेर आलो की ती न बोलता माझा हात बघायची आणि खोकी तिथंच असायची. मऊ कातडीला पहिल्याच दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, चौथ्या दिवशी मी चिंध्या गुंडाळून कमान पुरी केली. दोन दिवस विटांमधला मसाला वाळू दिला. ते दोन दिवस मी खोक्यांकडे पाठ करून बसलो.

सातव्या दिवशी जाळ घातला. सगळे दाराकडे सरकून उभे राहिले, खोकायच्या तयारीनं. मी भट्टीच्या तोंडाकडे बघूच शकत नव्हतो, म्हणून बाहेर रस्त्यावर जाऊन धुराड्याकडे बघत राहिलो. काही नाही. काहीच नाही. मग एक बारीक करडी रेघ वर निघाली आणि सरळ चढत गेली.

बेकरीवाली माझ्यामागं येऊन उभी होती. तिनं माझा हात हातात घेतला, चिंधी सोडली आणि तळवा बघितला. फोड, भेगा, नखांत काळा मसाला. मग ती दुकानाकडे वळून एवढ्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. तिच्या खिशात फोन चालूच होता. तो पिठातून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खोकी जाळून टाका. मिस्त्री आला."